शंभर टक्के कापलेला बोनस

पगाराच्या कामात माझा हात धरणारा आमच्या खोक्यांच्या कारखान्यात कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

परवा दुपारी मालक बाहेर निघता निघता म्हणाले, "फोरमनकाकांना चाळीस हजार बोनस द्या. आत्ताच. मुलीच्या हॉस्टेलचे पैसे चारच्या आत भरायचेत, नाहीतर खोली दुसऱ्या कोणाला जाईल. आणि कर दहा टक्केच कापा, बाकीचा आधीच कापून झालाय."

म्हणजे महिन्याचा पगार नाही. एकट्या माणसाचा, एकदाच, आणि कराचा आकडा हाताने घालायचा. माझ्या डाव्या हातचा मळ!

माझी एक पद्धत आहे. असलं काही करण्याआधी मी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या नावावर रंगीत तालीम करतो. पैसे खरंच निघू नयेत म्हणून कर शंभर टक्के टाकतो. हातात शून्य, बँकेतून दमडी हलत नाही. तालीम झकास झाली. मग 'मागच्यासारखंच' हे बटण दाबलं, नाव बदललं आणि बोनस पाठवून दिला.

बटणानेही मागच्यासारखंच केलं.

पाच मिनिटांत फोरमनकाका मोबाइल घेऊन हजर. पावतीवर बोनस चाळीस हजार, कर चाळीस हजार, हातात शून्य.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "यात माझं काय?"

"बसा काका, आत्ता दुरुस्त करतो."

सॉफ्टवेअरचं म्हणणं पडलं की असा बोनस एका माणसाला दिवसातून एकदाच, आता उद्या या. सव्वातीन वाजले होते. मालकांचा फोन बंद. मग डोकं लढवलं, बोनस माझ्या नावावर काढू आणि काकांना देऊ. सॉफ्टवेअर म्हणालं, तुमचाही आज झालाय.

तालीम धरली होती मेल्याने.

काका घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. ते मला जास्त लागलं. शेवटी मोबाइल काढला आणि नव्या फ्रिजसाठी साठवलेले चाळीस हजार त्यांना पाठवून दिले. उद्या दुरुस्ती करून परत घेऊ, त्यात काय. खातं दोघांचं, लगेच बायकोचा फोन.

"अहो, फ्रिजचे पैसे कुठे गेले?"

"हॉस्टेलला."

"कोणाच्या?"

"फोरमनकाकांच्या मुलीच्या."

"घरी या, बोलू."

चारला पाच कमी असताना खोली पक्की झाली. काकांचे डोळे भरून आले, माझाही जीव भांड्यात पडला.

"साहेब, छत्तीस येणार होते ना? पूर्ण चाळीस आले. कर माफ करून घेतलात माझ्यासाठी?"

दुपारभर ज्या करापायी डोकं फोडलं, तो कापायलाच मी विसरलो होतो. पण डोळे पुसणाऱ्या माणसाकडे चार हजार कोणत्या तोंडाने मागायचे?

"तुमच्यासाठी एवढं करायलाच हवं," मी म्हणालो. तिथेच गप्प बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलासमोर रांग. पॅकिंगवाला पहिला. "साहेब, आमचाही तेवढा कर माफ करा की. काकांसारखा."

रांगेत सगळ्यात शेवटी मालक उभे होते.