वज्रकेतूरावांचा सत्कार

तू नुसतं ऐक बे, मधी बोलू नको. युसूफ वडगाव गावातला युवराज हाय न, तलवारी-किल्ल्यांच्या गेम बनवणारा? त्याच्याकडं एक फुकटातलं सॉफ्टवेअर हाय, गेमवाल्यांसाठी अन् गोष्टी लिहिणाऱ्यांसाठी. बटण दाबलं की सरदाराचं नवंकोरं नाव पडतं, पदवीसकट. तर बहिणीच्या, दिपालीच्या लग्नाची पत्रिका त्यानंच कॉम्प्युटरवर जुळवली. प्रमुख पाहुण्यांची यादी वडील, राधाकिशनकाका, देणार होते. तोवर कसं दिसतंय म्हणून ह्यानं सगळ्यात वर टाकलं: 'श्रीमंत वज्रकेतूराव काळडोहकर, अधिपती, उत्तर खोरे'. यादी आली, ती खाली बसवली, वरचं काढायचं राहिलं. पाचशे पत्रिका छापून वाटूनबी झाल्या.

मग काकांनी चष्मा लावला. "हे कोण रं?"

"गेममधला सरदार हाय, बाबा."

काकांनी पत्रिका पुन्हा वरपासून वाचली. वीस वर्षं गावातल्या प्रत्येक पत्रिकेत पहिलं नाव गावच्या पुढाऱ्याचं, भगवानरावांचं. ते रुसले, आले न्हाईत, तर वऱ्हाडापुढं नाक कापलं जाणार.

झालं उलटंच. पारावर एकानं ठोकून दिलं, वज्रकेतूरावांना आपण परळीत बघितलंय, लई साधा माणूस. नवरदेवाकडून फोन आला, साहेबांच्या गाड्या किती येणार. अन् भगवानराव, ज्यांच्यासाठी मुहूर्त दोन-दोन तास ताटकळतो, ते आपल्या वरचा माणूस बघायला नवरदेवाच्या आधी मांडवात हजर.

सत्कार सुरू झाले. माईकवाल्यानं पत्रिका बघून पहिलंच नाव पुकारलं. सगळा मांडव माना वळवून बघायला लागला. काकांनी हातात फेटा धरून युवराजकडं बघितलं. युवराज सरळ मागच्या रांगेत गेला. तिथं धर्मापुरीचा चुलत मामा रामकिसन बसलेला, ऊसतोडीवरून थेट आलेला, कडक नवं धोतर नेसून.

"मामा, उठा."

"आरं, मला कोण पुकारतंय?"

"उठा तर."

फेटा बांधला, टाळ्या पडल्या. भगवानरावांनी उठून हात जोडले. "खोऱ्यात यंदा कसं काय?"

मामा म्हणला, "ऊस लई हाय साहेब. माणसं कमी पडायलीत."

भगवानरावांनी गंभीर मान डोलावली अन् मामाला शेजारच्या सोफ्यावर बसवून घेतलं. लग्न मिनिटाला मिनिट मुहूर्तावर लागलं. जेवताना ते काकांना म्हणले, "एवढी मोठी सोयरीक लपवून ठिवली व्हय, राधाकिशन?" काकांनी त्यांच्या ताटात अजून एक जिलबी वाढली.

आता तू सांग. माईक चालू, बापाच्या हातात फेटा, समोर भगवानराव. तू काय केलं असतं?