कुंदावहिनी बोटीवर

शिडाच्या बोटीवर दुधीचा वेल चढवणारी जगातली एकमेव बाई आमच्या घरात आहे. कुंदावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. मलेशियातल्या त्या बेटावर मी उतरलो तेव्हा परदेशी लोकांच्या चकचकीत बोटी ओळीनं बांधलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीच्या डोलकाठीला निम्म्यापर्यंत हिरवी पानं होती. पत्ता विचारावा लागला नाही.

या सगळ्याचं मूळ आमचा दादा. तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून तो निवृत्त झाला. शहाणी माणसं निवृत्त झाली की चिकूच्या वाडीत लक्ष घालतात. यानं परदेशात जुनी शिडाची बोट घेतली. ती चालवत थेट आपल्या किनाऱ्याला आणायची म्हणे! उमरोळीचं भरलं घर मागं टाकून वहिनींना घेऊन गेला, आणि पहिल्याच महिन्यात इंजिन बंद पडलं. मग एका सुट्या भागाची वाट बघत दोघं मरिनात, म्हणजे बोटींच्या त्या वाहनतळावर, राहिली. भाग आला, इंजिन सुरू झालं, पण आता वहिनी निघेनात. दादाचा मला बोईसरला फोन आला, "तू ये आणि समजाव. तुझं ऐकेल." माझं माझी मुलंही ऐकत नाहीत. तरी दुकान बायकोवर सोपवून गेलो.

बोटीवर राहणं म्हणजे चाळीतली खोली पाण्यात सोडून हलवत बसणं. उभं राहिलं की डोक्याला छत, वळलं की गुडघ्याला टेबल. संडासात आधी पंप मारायचा, मग बसायचं, मग पुन्हा पंप. आंघोळीसाठी साबण-टॉवेल घेऊन लाकडी धक्क्यावरून मरिनाच्या न्हाणीघरापर्यंत मिरवणूक. दादा कप्तानाची टोपी घालून बांधलेल्या बोटीचं सुकाणू धरून बसे आणि मोबाईलवर वाऱ्याचा अंदाज मोठ्यानं वाचे. "वायव्येकडून मंद!" ऐकायला कोणी नसे.

वहिनींनी मात्र मरिनाची उमरोळी केली होती. कठड्याच्या तारेवर मासळी सुकत घातलेली. शेजारच्या बोटीवर एक फ्रेंच जोडपं उघड्या अंगानं ऊन खात पडलेलं असे. त्यांच्याकडे बघून वहिनी रोज म्हणत, "काय सुदरत नाय यांना! माणूस हाय का बोंबील, उन्हात वाळत पडायला?" हे 'काय सुदरत नाय', म्हणजे काही उमजतच नाही, सगळ्यांना सारखंच लागू. दादाच्या टोपीला, पावाच्या न्याहारीला, समुद्रालासुद्धा. "आमच्याकडं समुद्र कसा येतो नि जातो. हा मेला हलत पण नाय."

एकदा मरिनाचा साहेब वासाची तक्रार घेऊन आला. कडक इस्त्रीचा गणवेश, हातात वॉकीटॉकी. बराच वेळ इंग्रजीत बोलला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुज्या डिझेलचा वास आमी खातोच ना? मग? बस खाली." तो बसला. तळलेले मासे खाल्ले, पुन्हा मागून घेतले आणि गेला. तक्रारीचं पुढं काही झालं नाही.

मी विषय काढला. "वहिनी, आता निघायला हवं."

"जाऊ ना. दुधीला कळ्या आल्यात. कोवळं टाकून कोण जातं?"

"दुधी बोईसरच्या बाजारातही मिळतो."

"तुमाला मिळतो भावजी. ताटात. भाजी होऊन."

दादानं मला बाजूला घेतलं. "बघितलंस? काय पाहिजे तेच सांगत नाही."

"तू विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

त्याच संध्याकाळी बोटीमागची लहान होडी जागेवर नव्हती. वहिनीही नव्हत्या. मी धक्क्यावर धावलो. बघतो तर अंगात गाऊन, त्यावर नारिंगी लाईफ जॅकेट, आणि वहिनी एकट्या वल्ही मारताहेत! होडी सरळ कमी आणि गोल जास्त जात होती. ती फ्रेंच बाई आपल्या बोटीवरून हातवारे करून वल्हं कसं ओढायचं ते दाखवत होती. मधोमध गेल्यावर वहिनींनी वल्ही आत घेतली आणि हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या.

घरात त्या बसल्या तरी हातात सोलायचा लसूण असे, नाहीतर कुणाच्या तरी शर्टाचं बटण. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

धक्क्याला आल्यावर मला बघून त्या जराशा ओशाळल्या. "भावजी, इथं मला दिवसभर कोण हाक मारत नाय. सुरवातीला रडू यायचं. हे टोपी घालून वारा वाचणार, मी बोलू कुणाशी? मग ही बाय काहीतरी म्हणाली. मला कळलं नाय, पण तिनं हात धरून होडीत बसवलं." मग होडीकडे बघत, "आता बरं वाटतं. घरी कुठं हाय होडी?"

मी होडीची दोरी बांधायला घेतली.

"अजून एक फेरी मारू?" त्यांनी विचारलं. मला, परवानगी!

"मारा की," मी म्हटलं.

बोट पुढं यथावकाश निघाली, वहिनी निघू म्हणाल्या तेव्हा. पण त्या संध्याकाळी मी परतलो तर दादा वैतागला होता. "ही गेली कुठं? चहाची वेळ टळली."

"येतील. आज आपण करू."

त्यानं गॅस पेटवला. आधण आलं, पावडर पडली, आणि साखर कुठं असते ते त्याला ठाऊक नव्हतं. मला कुठून असणार? दोन घोडे त्या एवढ्याशा जागेत डबे उघडत-झाकत राहिलो. गोल खिडकीतून वहिनी दिसत होत्या, स्वस्थ बसलेल्या. दादा खिडकीशी जाऊन तोंडाशी हात धरून ओरडणार, तेवढ्यात मी त्याचा दंड धरला.

"राहू दे," मी म्हटलं. "बिनसाखरेचा पिऊ."