पंचविसावा नमुना

मी प्रुदेन्सियो सानाब्रिया. आमच्या तुंहा शहरात माझ्यासारखी दुसरी बुद्धी नाही, आणि असलीच तर तिनं अजून माझ्यासमोर यायचं धाडस केलेलं नाही. लोकांच्या लेखी मी विद्यापीठाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेचा किल्लीवाला. बाटल्या पुसतो, सूक्ष्मदर्शकांवर कापडं घालतो, कासवाला कोबी टाकतो. खरा पेशा गुप्तहेराचा. आजवर अकरा प्रकरणं हाताळली, त्यांतली नऊ आपोआप सुटली. माझ्याकडे भिंगसुद्धा आहे. त्याला तडा गेलाय, त्यामुळे प्रत्येक पुरावा मला दोनदा दिसतो.

सोमवारी सकाळी मिरेया तिबादुईसा रडत माझ्यासमोर उभी राहिली. ‘सजीवांची विविधता’ या विषयात ही पोरगी दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा गचकली की विद्यापीठातून नाव कमी, असा नियम.

“माझा ट्रे गेला, दॉन प्रुदेन्सियो! चोवीसच्या चोवीस नमुने! उद्या दहाला दोक्तोरा बेर्नाल तपासणार आहेत.”

“म्हणजे थोडं शेवाळ गेलं, एवढंच ना?”

“शेवाळ नाही हो, मॉस! आणि दगडफुलं! चार रविवार आईला घेऊन डोंगर पालथा घातला. तिचा गुडघा अजून सुजलेला आहे. तिला काय सांगू मी?”

मला गलबलून आलं. या इमारतीत मला न हसता ‘गुप्तहेर’ म्हणणारी ही एकटीच. “उद्या दहाच्या आत चोर तुझ्यासमोर उभा करतो,” मी म्हणालो. चोर कोण याची मला काडीचीही कल्पना नव्हती, पण गुप्तहेराच्या डोक्यात काय नाही ते चेहऱ्यावर दिसता कामा नये.

आमच्याकडे अनोळखी जीव ओळखायला दोन फाट्यांचा तक्ता वापरतात. पंख आहेत? इकडे जा. नाहीत? तिकडे जा. असं करत करत शेवटी जिवाचं नाव हाती लागतं. या रीतीनं झुरळ सापडतं, तर चोर का सापडू नये? मी कागद घेतला आणि लिहिलं:

१. प्रयोगशाळेत जाता येतं: २ कडे जा. येत नाही: निर्दोष.
२. शनिवारी आत होता: ३ कडे जा. नव्हता: निर्दोष.
३. मिशा आहेत: प्रुदेन्सियो सानाब्रिया. नाहीत: मातील्दे (कासव).

पहिलं उत्तर उघडच हास्यास्पद होतं. मी कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि कासवाकडे वळलो.

मातील्दे मॉस खाऊ शकते. तिला पळून जाण्याची घाई नव्हती, हे तर फारच संशयास्पद. मी दोन तास जबाब घेतला. तिनं मान आत घेतली ती घेतलीच. अट्टल गुन्हेगारच इतकं शांत राहू शकतो, असं मी वहीत लिहीत होतो, तेवढ्यात दोन्या रोसाल्बा, म्हणजे रोसाल्बाबाई, कॉफी घेऊन आल्या. गेली बावीस वर्षं या इमारतीत कॉफी देतात. लहानथोर सगळ्यांना ‘सुमेर्से’ म्हणतात, म्हणजे ‘आपण’ आणि ‘बाळा’ एकाच शब्दात.

“सुमेर्से, कासवाशी काय बोलताय?”

“तपास चालू आहे. मध्ये बोलू नका.”

“मी म्हणत होते, ते शनिवारचं...”

“दोन्या रोसाल्बा, साक्षीदारांना मी बोलावतो. साक्षीदार मला बोलावत नाहीत.”

त्या खांदे उडवून गेल्या. जाताना पाण्याची झारी घेऊन इमारतीच्या खालच्या दिवाणखान्याकडे वळल्या. तिथे दरवर्षी त्या येशूजन्माची गव्हाणी मांडतात. मंगळवारी, सोळा डिसेंबरला, नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होईपर्यंत तिच्यावर चादर असते आणि कुणी डोकावायचं नाही असा त्यांचा दंडक. चादरीखाली त्या दिवसातून दोनदा पाणी शिंपडत होत्या. मी नोंद केली: बाई टापटिपीच्या.

दुपारी मी मिरेयाच्या वर्गातल्या विल्मेर फागुआला धरलं. त्याच्या बुटांवर हिरवा डाग होता, दोन डाग, माझ्या भिंगातून.

“बूट काढ!”

“दॉन प्रुदेन्सियो, तो रंग आहे. बाबांनी कुंपण रंगवलं.”

“कुंपण हिरवं का रंगवलं? बोल! मॉस लपवायला?”

“आईला आवडतो म्हणून. तुम्ही तिला फोन करा ना.”

केला. बाईंनी मला अर्धा तास कुंपण या विषयावर ऐकवलं आणि रविवारी जेवायला बोलावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो, पण संन्याशाचं खानदान चांगलं निघालं.

संध्याकाळपर्यंत माझ्याकडे आणखी चार सिद्धान्त जमले होते. त्यांत परदेशी टोळी होती, मत्सरी प्राध्यापक होता आणि एक वटवाघूळ होतं. मिरेया जिन्यावर बसून नमुन्यांची नावं पाठ करत होती. “ट्रेच नाही तर पाठ कशाला करतेस?” मी विचारलं. “सवय झालीय,” ती म्हणाली. मी तिच्यासमोर फार वेळ थांबू शकलो नाही.

मंगळवारी दहा वाजता दोक्तोरा बेर्नाल वही घेऊन आल्या. मिरेयाच्या प्राध्यापिका, शिस्तीची बाई. हसल्याचं मी एकदाच पाहिलंय, तेही एका बुरशीकडे बघून. मिरेया रिकाम्या टेबलापाशी उभी होती. मी घसा साफ केला आणि वटवाघळापासून सुरुवात करणार, एवढ्यात दिवाणखान्यातून घंटा वाजली.

“प्रार्थना आहे,” दोक्तोरा म्हणाल्या. “आधी देव, मग परीक्षा.”

सगळे खाली गेलो. पाद्रीबाबा आले, दोन्या रोसाल्बांनी चादर ओढली आणि सगळ्यांच्या तोंडून ‘अहाहा’ निघालं. हिरवेगार डोंगर, आरशाचं तळं, मेंढ्या, मेंढपाळ, उंटांवरून आलेले तीन राजे. मीही छातीवर क्रूस काढला. यंदाचे डोंगर अगदी खरे वाटतात, असं शेजारच्याला म्हणालोसुद्धा.

दोक्तोरा बेर्नाल वाकल्या. चष्मा नाकावर सरकवला.

“मिरेया,” त्या म्हणाल्या, “त्या मेंढीच्या पायाखाली काय आहे?”

मिरेया धाडकन गुडघ्यांवर बसली. “स्फॅग्नम! माझं स्फॅग्नम! दोक्तोरा, हे सगळं माझं आहे!”

“नावांच्या चिठ्ठ्या तर दिसत नाहीत. मग तूच नावं सांग.”

पाद्रीबाबा हात जोडलेले तसेच थांबले. मिरेया गुडघ्यांवर सरकत एकेका डोंगरावरून गेली. उंट उचलला, नाव सांगितलं. राजा बाजूला केला, नाव सांगितलं. ओली जात तळ्याकाठी होती, दगडफुलं माथ्यावर, सगळं डोंगरावर उगवतं तसंच. तेवीस झाली. चोविसाव्यापाशी, गव्हाणीच्या मागे, ती अडली.

“ते होय सुमेर्से, ते ओढ्याच्या सावलीतलं,” दोन्या रोसाल्बा म्हणाल्या. “उन्हात ठेवलं की काळं पडतं. म्हणून मागे लावलं.”

“मार्कांशिया!” मिरेया ओरडली.

“चिठ्ठ्या असत्या तर ताडून बघता आलं असतं,” दोक्तोरा पुटपुटल्या.

“आहेत की. लॅटिनमध्ये लिहिलंय, म्हणजे प्रार्थनाच असणार, फेकायच्या कशा? बाळ येशूच्या गादीखाली ठेवल्यात.”

ताडून पाहिलं. चोवीस बरोबर. शेवटच्याला मदत झाली म्हणून पाचांपैकी चार पूर्णांक आठ दशांश गुण. मिरेया रोसाल्बांच्या गळ्यात पडून रडली, मग हसली, मग तिथूनच आईला फोन लावला. माझेही डोळे भरून आले, ते मी भिंगाआड लपवले.

“पण रोसाल्बा,” दोक्तोरांनी विचारलं, “ट्रे तुम्हाला दिला कुणी?”

“गव्हाणीच्या डोंगरांना मॉस लागतं, पण बाजारात आता ते विकू देत नाहीत. शनिवारी यांना विचारलं. रहस्यकथा वाचत होते. मान वर न करता म्हणाले, ‘न्या न्या, हिरवं दिसेल ते सगळं न्या, आणि दार लावून घ्या.’ कालपासून सांगतेय, तर ऐकून घेतील तर ना.”

सगळा दिवाणखाना माझ्याकडे वळला. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. “चूक माझी,” मी म्हणालो. “मिरेया, तुझी आणि तुझ्या आईच्या गुडघ्याची माफी मागतो.” आणि खिशातला चुरगाळलेला तक्ता तिच्या हातात दिला.

तिनं तो तळहातावर सरळ केला. वाचला. मी खाली मान घालून उभा होतो. तिनं दोक्तोरांकडून लाल पेन मागून घेतलं, माझ्या नावाभोवती गोल काढला आणि शेजारी लिहिलं: नमुना पंचविसावा. ओळख अचूक. पाचांपैकी पाच.

तो कागद आता प्रयोगशाळेच्या दारावर, आतल्या बाजूला चिकटवला आहे. कुणी काही मागायला आलं की मी पुस्तक मिटतो, त्या कागदाकडे एकदा बघतो आणि मगच विचारतो, “नेमकं काय हवंय?”