पाटल्यांना लागलेली उचकी

विट्याच्या मालन जाधवांनी ऑनलाइन मागवलेल्या पाटल्यांना गुरुवारी सकाळी उचकी लागली. आधी एकीला, मग दुसरीला. मालनबाईंनी त्यांच्यावर पाणी शिंपडलं, त्यांना साखरेच्या डब्यात ठेवून पाहिलं. उचकी काही थांबेना.

नवऱ्याला सांगणं भाग होतं. हणमंतरावांचा सारा जन्म मदुराईत गलाईच्या धंद्यात, म्हणजे लोकांचं सोनं गाळण्यात गेला होता. हातात दागिना दिला, की बघायच्या आधी ते सोनं वितळवायची मूस मागत. म्हणूनच बाईंनी हा व्यवहार त्यांच्या पाठीमागे उरकला होता. पोरीच्या, पल्लवीच्या साखरपुड्यासाठी. गेलेल्या आजीनं, म्हणजे बाईंच्या आईनं, पल्लवीच्या नावानं ठेवलेली बोरमाळ 'जुनं द्या, नवं घ्या' योजनेत कुरिअरनं गेली आणि या पाटल्या आल्या. बोरमाळ आता घालतंय कोण, असं बाईंना वाटलं होतं.

हणमंतरावांनी पाटली कसोटीवर घासली. ती उचकली आणि पिवळेपणा दगडावर सोडून मोकळी झाली.

"पितळ हाय," ते म्हणाले. गलाईवाल्याच्या घरात पितळ सोन्याच्या भावानं आलं होतं. पण बाईंना गावाची लाज वाटत नव्हती. त्या पदरात तोंड घालून रडल्या. "वर गेल्यावर आईला काय तोंड दावू मी?"

विकणाऱ्याचा फोन बंद होता आणि पार्सलवरच्या पत्त्यावर मोकळं मैदान होतं. पोलीस ठाण्यात हवालदार शेवाळ्यांनी दोन्ही पाटल्या कानाला लावल्या.

"फिर्याद घेतो. पण कुणीतरी यांची आठवण काढतंय, एवढं नक्की. बरोबर नाव घेतलं की उचकी थांबंल. मग त्याच नावानं तपास लावू."

"मग तुमीच घ्या की नावं."

"शासकीय आवाजानं थांबत न्हाई, बाई. मागं एका घड्याळाच्या केसमधी घेऊन बघितलंय."

तेव्हा घरीच नावं घ्यायला सुरुवात झाली. गलाईची माणसं देशभर पांगलेली. अमृतसरच्या दिरानं, कटकच्या भाचीनं फोनवरून आपापल्या गावचे ठक सांगितले. ठकांना काय तोटा? पाटल्या मात्र उचकून उचकून बेजार झाल्या.

शेवटी शेजारच्या गोदाक्का म्हणाल्या, "मालन, तुला उचकी लागली तर तू कुणाची नावं घेतीस?"

"आदी आईचं घ्यायची. आता पल्लवीचं घेती."

"मग या बिचाऱ्यांना चोरांची नावं का सांगतीस? आठवण आपली माणसं काढत्यात."

पाटलीचं आपलं माणूस म्हणजे जिनं किंवा ज्यानं ती घडवली ते. हणमंतरावांनी चष्मा लावून नक्षी पाहिली आणि अशी वेल कोरणाऱ्या कारागिरांची नावं एकेक करून घेतली. "कोल्हापूरची रंजना पोतदार," या नावाला पाटल्या गप्प झाल्या.

रंजना पोतदार पितळेचे दागिने घडवायच्या आणि पितळ म्हणूनच विकायच्या. मालनबाई आणि हणमंतराव पाटल्या घेऊन कोल्हापूरला गेले, तेव्हा त्यांनी त्या लगेच ओळखल्या. "वेल फार छान जमली होती यांच्यावर. दिल्या, पण जीव अडकलाय." सोनं म्हणून विकल्याचं कळताच त्यांचा चेहरा उतरला. "पितळेलाही अब्रू असते हो," त्या म्हणाल्या. घाऊक माल नेणाऱ्या ऋतुराजची खोली त्यांना ठाऊक होती. हवालदारांना घेऊन सगळे तिकडे गेले.

खोलीत भिंतभर पॅक केलेली खोकी होती. ऋतुराज गोड हसला. "बावनकशी आहे, मावशी. सर्टिफिकेट दिलंय."

रंजनाबाई खोक्यांकडे पाहत होत्या. कोणत्या दागिन्याला किती दिवस लागले, ते त्यांना आठवत होतं. बघता बघता सगळ्या खोक्यांना उचकी लागली. ऋतुराजनं आवाज चढवला, खोक्यांनीही चढवला. त्यानं स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"एवढ्यांचे जबाब घ्यायचे म्हणजे संध्याकाळ होणार," शेवाळे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

रंजनाबाई पुढे झाल्या. "मी रंजना. आले गं बायांनो."

खोली शांत झाली. त्या शांततेत पुन्हा खोटं बोलणं ऋतुराजला जमेना. त्यानं कपाट उघडलं. लोकांचे जुने दागिने अजून गाळायला गेले नव्हते. "ज्याचं त्याला देतो," तो म्हणाला. मालनबाईंनी बोरमाळ उचलून छातीशी धरली. त्याला मावशी म्हणू दिल्याचा त्यांना स्वतःचाच राग आला होता, तो तेवढ्यापुरता निवळला. शेवाळ्यांनी त्याला ठाण्यात नेलंच. खोकी रंजनाबाईंनी घरी नेली.

साखरपुड्याला पल्लवीनं बोरमाळ घातली. ओटी भरायच्या वेळी तिच्या गळ्यात बोरमाळेला उचकी लागली. नवऱ्या मुलाच्या आत्यानं हळूच विचारलं, "खरी हाय न्हवं?" हणमंतरावांनी कसोटी काढली नाही.

पल्लवीनं मान खाली घालून बोरमाळेवर हात ठेवला.

"आजी," ती म्हणाली.

उचकी थांबली. विहीणबाईंनी कुंकवाची कोयरी पुढं घेतली.