परबकाकांचा पडदा

परबकाका व्हिडिओ गेमचा शेवट उभ्याने बघतात. अख्खा गेम ते बनियनवर, मांडी घालून, शेंगदाणे चघळत खेळतील. पण शेवटचा राक्षस दिसायला लागला की गेम थांबवून आंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि समोरची, म्हणजे आमची, बेल वाजवतात.

"चल रे. शेवट आलाय."

भांडुपच्या आमच्या इमारतीत लोक पूजेला बोलावतात, बारशाला बोलावतात. काका शेवटाला बोलावतात. आपण कोकम सरबताचा ग्लास घेऊन पलंगाच्या कडेला बसायचं. राक्षस मरतो, गेम बनवणाऱ्यांची नावं वर सरकायला लागतात आणि काका हात मागे बांधून ती सगळी मोठ्याने वाचतात. त्यांच्या तोंडून ऐकलं की टोकियोचा माणूसही कणकवलीचा वाटतो. एकदा मी मधेच उठलो होतो.

"एवढी माणसं राबली आणि तुला चहा सुचतो? बस खाली!"

काकांची ही तालीम जुनी. तरुणपणी ते गिरणीत होते आणि गिरणीच्या नाटकमंडळात पडदा ओढायचे. तोंडाला रंग कधी लावला नाही, पण नटांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. "नट काय, कोणी पण होतो. पडदा चुकला की नाटक मेलं." शेवटचं वाक्य झालं की एक श्वास घ्यायचा, मगच दोरी सोडायची, हे त्यांचं शास्त्र. गिरणीबद्दल मात्र ते एवढंच बोलतात, "शेवट बेकार. पडदा पडलाच नाही, नुसते लाइट गेले."

पुढे त्यांनी कुरियरच्या ऑफिसात नोकरी केली. निवृत्त झाले, काकी गेल्या, मुलगी शीतल कॅनडाला गेली, आणि तिचा जुना गेम खेळायचा डबा मागे राहिला. काकांनी तो पुसायला म्हणून खाली काढला, तो परत वर गेला नाही.

गेमच्या शेवटांबद्दल काकांइतकं कडक बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. सगळं स्वप्न होतं असं निघालं, तर ते तो गेम पिशवीत घालून दुकानदाराच्या अंगावर जातात. राक्षस पडल्या पडल्या नावं सुरू झाली, की म्हणतात, "मेल्या, ह्यो काय शेवट झालो? जेवून हात धुवूक पण देत नाय!" आणि शेवटी 'पुढचा भाग लवकरच' आलं, की त्या दिवशी त्यांच्या दाराशी कोणी जाऊ नये.

चांगला शेवट कुठला, तेही एकदा त्यांनी मला समजावलं होतं.

"राक्षस मेला ना, की मला जरा गावात फिरू दे. सुरुवातीला ज्याने मला हाकलला, त्या लोहाराने आता बस म्हणायला पाहिजे. मारामारी कोणाला पण जमते रे. घरी चालत जायला मिळालं पाहिजे."

मी बरंच वाचलेला माणूस आहे. समीक्षेच्या जाडजूड पुस्तकांत मला हे इतक्या स्वस्तात सापडलं नव्हतं.

हे शास्त्र काका गेमपुरतं ठेवत नाहीत. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांना पडद्याची दोरी दिली होती. चेअरमन आभार मानायला उभे राहिले. "शेवटी एवढंच सांगतो," असं म्हणून त्यांनी पाण्याच्या टाकीचा इतिहास सांगितला. पुन्हा "शेवटी" म्हणून लिफ्टचा. तिसऱ्या "शेवटी"ला काकांनी एक श्वास घेतला आणि दोरी सोडली. पडद्याबाहेर चेअरमनचं फक्त पोट आणि माइक राहिला. टाळ्या इतक्या झाल्या की चेअरमन आतून थँक्यू म्हणाले.

अशा माणसाचा एक गेम मात्र दोन वर्षं संपत नव्हता.

दर रविवारी सकाळी काका आणि शीतल मिळून तो खेळतात. ती तिकडून, हे इकडून. दोन अस्वलांनी एक लाकडी कपाट डोंगरावरच्या घरात नेऊन ठेवायचं, इतकीच गोष्ट. दोघांचे फोन स्पीकरवर, कपाट दोघांच्या हातात. आणि शेवटच्या वळणावर दर वेळी काकांचं अस्वल धडपडतं, की कपाट खाली.

"एवढे राक्षस मारता आणि एक कपाट वर जात नाही तुमच्याकडून?" मी टोमणा मारायचो.

"वय झालं रे. हात थरथरतो."

त्या रविवारी मी तिथेच होतो. अस्वलं शेवटच्या वळणाशी पोहोचली आणि नेमका सिलिंडरवाला आला. काकांनी रिमोट माझ्या हातात कोंबला. "जरा धर. नुसतं उभं राहा. चालू नको, काय?" आणि गॅस गळतोय का बघायला साबणाचं पाणी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मला वाटलं, म्हाताऱ्याला आज खूश करू. मी चालायला लागलो.

"बाबा?" फोनमधून शीतल म्हणाली. "चालताय तुम्ही?"

मी काकांसारखा घसा खाकरला.

"नक्की ना बाबा?"

वळण पार झालं. फाटक आलं. घराचं दार उघडलं, आत दिवा लागला. माझं अस्वल उंबऱ्यावर चढलं.

"मेल्या, थांब!" मागून काकांची किंकाळी आली. कोपरापर्यंत फेस, हातात साबणाची वाटी, चेहरा पांढराफटक.

मी थांबलो. पण कपाट त्याआधीच सुटलं होतं. माझ्या बाजूने नाही. शीतलच्या अस्वलाने हात सोडले होते. कपाट डोंगरभर कोलांट्या घेत, मेंढ्यांना उडवत, थेट नदीत गेलं.

"सॉरी बाबा," शीतल म्हणाली. "हात घसरला."

काका फोनकडे बघत राहिले. वाटीतला फेस त्यांच्या पायावर सांडत होता.

"होतं गं असं," ते हळूच म्हणाले. "चढ अवघडच आहे तो."

"मग पुढच्या रविवारी?"

"मग काय! ह्याच वेळेला. काय जेवलीस तू?"

मी जायला उठलो. काकांनी रिमोट काढून घेतला, हात बनियनला पुसले आणि नजर न हलवता मला बस म्हणून खुणावलं. दोन अस्वलं नदीतून कपाट ओढून काढत होती.

ह्या गेमसाठी काकांनी इस्त्रीचा शर्ट एकदाही घातला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.