बाळंतिणींसाठी शास्त्रीय खिडकी

"उन्हाची गं तिरीप, बाळंतिणीच्या उशाला,
हिरवं दिसे डोळा, मग औषध कशाला!"

जात्यावर बसलेल्या मावशीचा हा आवाज लहानपणी कानात शिरला तो कायमचा. आणि बाहत्तर साली नेमकं तेच मी एका विलायती मासिकात वाचलं! दवाखाना बांधण्याआधी रोगी तिथं कसा राहतो, त्याला काय दिसतं, याचा अभ्यास करावा. मगच भिंती घालाव्यात. मी पडलो सरकारी बांधकामावरचा ओव्हरसियर. म्हटलं, बेलापूरच्या अलीकडं, आमच्या गावातल्या बाळंतिणींच्या दवाखान्याचं सोनं करून दाखवतो!

अभ्यास केला. बाया दिवसभर कुशीवर पडून भिंतीकडं बघत होत्या. भिंत कसली, चुन्याचे पोपडे! पाडली. पडल्यापडल्या समोरचा कडुलिंब दिसावा म्हणून खाटेच्या उंचीवर दारापेक्षा रुंद खिडकी ठेवली. पडदा? छट्! झाकायचीच तर खिडकी कशाला?

आणि काय चमत्कार! दुसऱ्याच दिवशी सगळ्या बाळंतिणी उठून बसल्या! डोक्यावर पदर, पाठ ताठ, जशा काही फोटो काढायला बसलेल्या नवऱ्या!

आमचे वडील आप्पासाहेब अभिमानानं फुगले. लिंबाच्या पारावर आतल्या बाळंतिणींचे सासरे ताटकळत बसायचेच. त्यांच्यात जाऊन वडिलांनी पहिली जागा धरली. येईल त्याला दाखवायचे, "ही बघा आमच्या लेकाची खिडकी! कालची बाळंतीण आज बसली!"

"लई भारी!" सूर्यभान पाटील म्हणाले आणि तेही बसले. राहात्याच्या बाजाराला निघालेले लोक वाट वाकडी करून येऊ लागले. पारावर गर्दी वाढली, तशा आत बाया आणखीच ताठ झाल्या. शास्त्र म्हणजे शास्त्र!

पण कृतघ्नपणाला सीमा असते की नाही? एका सकाळी बघतो तर खिडकीवर गोधडी!

"कुणी टांगली ही?" मी गरजलो.

दाई लंकाबाई म्हणाली, "वारं लागतंय, सायब."

"वारंच तर औषध आहे, बाई!" मी गोधडी ओढून काढली. दुसऱ्या दिवशी सतरंजी. काढली! तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी अख्खं नऊवारी लुगडं! तेही काढलं! यांच्या भल्यासाठी मी भिंत फोडली आणि या माझ्या शास्त्रावर लुगडं वाळत घालतात!

तेवढ्यात माझीच बायको, भागीरथी, बाळंत झाली. मुलगी! मी मुद्दाम खिडकीलगतची खाट दिली. तीही बसलीच. विचारलं की म्हणायची, "बरी हाय मी." पण दोनच दिवसांत डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं.

"हिला ताप आहे, दूध येत नाही, डोळ्याला डोळा नाही. कोण झोपू देत नाही हिला?"

"कोण म्हणजे? कुणी नाही!" मी भडकलो. "वारा आहे, झाड आहे, ऊन आहे! हीच बसून राहते! हट्टी!"

भागीरथीनं मांडीवरच्या लेकीकडं पाहिलं. मग बाहेर. पारावर वडील कुणाला तरी हात करून खिडकी दाखवत होते. तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि आतूनच पुटपुटली,

"अहो, मला कसलं झाड दिसतंय! मला मामंजी दिसत्यात. त्यांच्या म्होरं पाय पसरून निजू व्हय मी? बाळंतपण सोसलं, पर तुमची खिडकी न्हाई सोसवत!"