आप्पा वकील आणि 'मान्य आहे'चं बटण

आमच्या रत्नागिरीतल्या मांडवीच्या आप्पा वकिलांनी लाँड्रीची पावती दिली तशी कधी घेतली नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'कपडे हरवल्यास वा जळल्यास दुकान जबाबदार नाही' असं छापलेलं असे. आप्पा खिशातून पेन काढून ती ओळ खोडत, शेजारी सही करत आणि लाँड्रीवाल्यालाही करायला लावत. एवढं करून टाकायचं काय, तर एकुलता एक काळा कोट. तोही वकिली सोडल्यावर वर्षातून एकदा.

'कोर्टात टिकेल काय?' हा त्यांचा आवडता प्रश्न. कुणी 'उद्या नक्की येतो' म्हटलं तरी ते हा प्रश्न विचारत. काकू तर सांगायच्या की लग्नात 'नातिचरामि' म्हणायची वेळ आली तेव्हा आप्पांनी होमासमोर भटजींना थांबवून विचारलं, ह्याचा नेमका अर्थ काय आणि मुदत किती? भटजी म्हणाले, मरेपर्यंत. आप्पांनी थोडा विचार केला आणि मग होकार दिला.

"तो थोडा विचार मी अजून विसरल्ये नाही हो," असं काकू वर म्हणायच्या.

मी तेव्हा माझ्या एसटीडी बूथमध्येच दोन कॉम्प्युटर मांडून बाहेर 'सायबर कॅफे' अशी पाटी लावली होती. फोनच्या तारेवरून इंटरनेट चाले, म्हणजे मनात आलं तर चाले. अशा त्या कॅफेत एका सकाळी आप्पा आले आणि ईमेल उघडायचं आहे म्हणाले. माझा विश्वासच बसेना.

कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्यांची एकुलती मुलगी मंजू अमेरिकेत होती आणि बाप-लेकीचं बोलणं बंद होतं. लग्न ठरवल्याचं तिनं घरी सांगितलं तेव्हा आप्पांनी मुलाची माहिती मागितली होती. घराणं कुठलं, नोकरी कायम की तात्पुरती, कागद काय आहेत? मंजू म्हणाली, कागद नाहीत, माणूस आहे, येऊन बघा. आप्पा म्हणाले, असं मला मान्य नाही. मंजूनं पुण्याला नोंदणी लग्न केलं. आप्पा गेले नाहीत. ती फोन करायची तो काकूंना, आणि त्या वेळी आप्पा नेमके मागीलदारी नारळ सोलायला जात. आता मंजूला मुलगी झाली होती आणि ईमेल उघडलंत तर रोज फोटो पाठवीन, असा तिचा निरोप होता.

"माझ्यासाठी नाही हां," आप्पा मला बजावून म्हणाले. "हिच्यासाठी."

नाव, गाव, जन्मतारीख सगळं भरून झालं. खाली अटींचा लांबलचक मजकूर आणि त्याखाली 'मला मान्य आहे' अशा अर्थाचं इंग्रजी बटण. मी सवयीनं माउसकडे हात नेला तर आप्पांनी माझं मनगट धरलं.

"वाचलास काय?"

मी म्हटलं, कुणीच वाचत नाही. सगळे दाबतात.

मग काय, माझ्या कॅफेत कोर्टच भरलं. आप्पा म्हणत, करार म्हणजे दोन माणसांचं एकाच गोष्टीवर एकमत. इथे दुसरा माणूस कुठे आहे? वाचलं नाही ही सबब कोर्ट सहसा ऐकत नाही, हे खरं. पण अटी नीट दाखवल्या होत्या का, हेही कोर्ट विचारील. नवा कायदा आलाय, कागदाशिवायही करार होतो म्हणतात, पण कसोटी लागायचीय अजून. एका दिवशी आप्पा सिद्ध करत की बटण दाबणारा पुरता बांधला गेला. दुसऱ्या दिवशी तितक्याच तावातावानं सिद्ध करत की हा करारच नव्हे. तोवर लाइन तुटे आणि नाव-गाव पुन्हा पहिल्यापासून भरावं लागे. माझ्या ईमेलवर फोटो मागवू, असं मी सुचवलं, तर माझ्या नातीचा फोटो परक्याच्या पत्त्यावर कशाला, असा प्रश्न आला.

मी एकदा चिडून विचारलं, भाट्याची तुमची आंब्याची बाग दरवर्षी व्यापाऱ्याला कागदाशिवाय, नुसता नारळावर हात ठेवून देता, ते बरं चालतं?

"तो माझ्यासमोर बसतो," आप्पा म्हणाले. "त्याच्या डोळ्यांत बघता येतं. ह्या बटणामागे कोण बसलाय, सांग."

शेवटी त्यांनी सगळ्या अटी छापून घेतल्या. लाल पेन्सिलीनं अर्ध्याअधिक खोडल्या. वाद झाल्यास अमेरिकेतल्या कोर्टात यावं लागेल असं होतं, तिथे काट मारून 'रत्नागिरी' लिहिलं. गावाबाहेर हातखंब्याच्या तिठ्यापलीकडे जायचं तर आदल्या दिवशीपासून ज्यांचं पोट बिघडतं, त्यांना हे करणं भागच होतं. मग तो गठ्ठा रजिस्टर पोस्टानं, पोचपावती जोडून, कंपनीला रवाना झाला. आमच्या दुरुस्त्या मान्य असल्याचं कळवावं, म्हणजे आम्ही बटण दाबू.

आप्पा उत्तराची वाट बघत राहिले. आंबा संपला, पाऊस संपला, भात कापून झालं. कंपनी गप्प. आप्पा रोज पोस्टमनला हटकत आणि तो बिचारा मागच्या आळीतून वळसा घालून जाऊ लागला.

एका संध्याकाळी काकू दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या पायऱ्या चढून आल्या. आप्पा आत बसलेच होते. त्यांच्यासमोर उभ्या राहून काकू शांतपणे म्हणाल्या,

"नातीला दात आलेत. तुमचं उत्तर येईस्तोवर ती शाळेत जाईल."

आणि आल्या तशा त्या निघून गेल्या. आप्पांनी लाल पेन्सिल खिशात घातली आणि तेही उठले.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढतो आहे तोच ते हजर. इस्त्रीचा सदरा घातलेला, दाढी केलेली. नाव-गाव भरून झालं, बटण आलं.

"पलीकडे खरंच कुणी नाही ना?"

मी म्हटलं, नाही आप्पा, कुणी नाही.

"बरंय मग." त्यांनी माउस हातात घेतला. "मंजू समोर होती तेव्हा नाही जमलं मला."

आणि त्यांनी बटण दाबलं. एकही अट न वाचता. मी उगाच वायर तपासायला वाकलो.

पहिलं पत्र त्यांनी मला सांगितलं आणि मी टाइप केलं. मराठी अक्षरं तेव्हा उमटत नसत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. 'चि. मंजूस अनेक आशीर्वाद' एवढं झाल्यावर ते उठून उभे राहिले. मग कोर्टात सांगावं तसं एकेक शब्द तोडून म्हणाले,

"लिही. तुझं लग्न मला मान्य आहे. पूर्वलक्षी प्रभावाने."

मी ते लिहिलं आणि पाठवलं. पडद्यावर पत्र गेल्याचं आलं. आता कोर्टात टिकेल काय विचारणार, म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. पण आप्पांनी ते विचारलं नाही. चष्मा काढून पुसत त्यांनी मला एवढंच विचारलं,

"पोचेल ना रे?"